शिंपले, बिया आणि शब्द

बालवाडीत शिकवता शिकवता माझे केस पिकले, पण भिंतीवरच्या चित्रतक्त्यांशी माझं काही जमलं नाही. ‘ए’ एडक्याचा म्हणून पोरं घोकतात. एडका कुणी पाहिलेलाच नसतो.

या दुखण्यावरचा इलाज बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी कधीच शोधला होता. १९२६ साली त्यांनी गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये त्या बोर्डी या गावी गेल्या. तिथे शिक्षिका अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची साधनं महागडी, खेड्याला न परवडणारी. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली.

हा प्रकार मी वर्गात करून बघते. शिंपल्यांचा ढीग पुढ्यात आला की मूल आधी बोट फिरवतं. खडबडीत इकडे, गुळगुळीत तिकडे. नेमका तेव्हाच बाईंनी शब्द उच्चारायचा. उद्या तेच पोर आपणहून झाडाच्या सालीला ‘खडबडीत’ म्हणालं, की शब्द त्याचा झाला!

पुढे १९५७ मध्ये ताराबाई-अनुताईंचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या वारली आदिवासींची पोरं गुरांमागे जायची, शाळेत कुठून येणार? मग शाळाच कुरणात भरू लागली. गाय, गवत, ओढा सगळं समोर. घरच्या बोलीतली नावं मुलांना आधीच पाठ. बाईंनी त्यात भर तेवढी घालायची.

यंदा तक्त्यांचे पैसे वाचवून मी मुलांना भाजीबाजारात नेणार आहे. रिक्षाचं भाडं त्यातच भागेल.