वेशीबाहेरचे तीस दिवस

एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील, आजच्या क्रोएशियात मोडणाऱ्या दुब्रोवनिक या बंदराची पायी फेरी बहुधा पश्चिमेच्या पिले वेशीपासून सुरू होते आणि सुमारे १,९४० मीटर लांबीचा तट, पंधराव्या शतकातील ओनोफ्रिओचे कारंजे, पावलांनी झिजून गुळगुळीत झालेला स्त्रादून हा हमरस्ता व एकेकाळी जकातघर असलेला स्पोंझा वाडा दाखवीत पूर्वेकडे सरकते. तटाची भव्यता वादातीत आहे. तथापि रागुसा या जुन्या नावाच्या या व्यापारी प्रजासत्ताकाने जगाला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट पाहायची, तर पूर्वेची प्लोचे वेस ओलांडून बाहेर पडावे लागते.

१३४८ च्या प्लेगने शहराची दैना केली होती. रोग गलबतांतून आणि तांड्यांबरोबर येतो हे अनुभवाने कळले होते, परंतु आयात-निर्यातीवर जगणाऱ्या शहराला वेस बंद करून बसणे परवडणारे नव्हते. या पेचातून २७ जुलै १३७७ रोजी महासभेने, म्हणजे उमराव घराण्यांतील पुरुषांच्या सभेने, असा कायदा केला की साथीच्या प्रदेशातून येणाऱ्याने म्रकान या खडकाळ बेटावर किंवा त्साव्तात या जवळच्या गावी एक महिना राहिल्याशिवाय शहरात पाऊल टाकू नये; आणि मनाई मोडून त्याला भेटायला जाणाऱ्या नगरवासीयालाही तिथेच महिनाभर ठेवावे. या दुसऱ्या कलमात कायदा करणाऱ्यांची खरी जाण दिसते, कारण परक्याला अडवणे सोपे असते, आप्ताला अडवणे कठीण. पुढे अन्यत्र ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ ही संज्ञा रूढ झाली. मराठीत आज तिला विलगीकरण म्हणतात. रोग्यांना वेगळे ठेवण्याची चाल जगात जुनीच होती. धडधाकट दिसणाऱ्या प्रवाशालाही ठरावीक मुदत थांबवणे, ही येथील नवी गोष्ट.

व्यापाराचा ओघ दुहेरी होता. पश्चिमेला इटलीची बंदरे होती आणि पूर्वेला उस्मानी साम्राज्य, ज्याच्या सुलतानाला रागुसा वर्षाला १२,५०० सोन्याची नाणी खंडणी देऊन आपली स्वायत्तता व सवलती राखत असे. बाल्कनच्या डोंगरांतून लोकर, कातडी व मेण लादलेले तांडे प्लोचे वेशीपाशीच उतरत, म्हणून १५९० पासून तेथे लाझारेती ही विलगीकरणाची कायमची वास्तू उभी राहू लागली व सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्ण झाली. समुद्रालगत दहा लांबट दालने आणि त्यांच्यामध्ये पाच बंदिस्त चौक, अशी तिची रचना आहे. एका तांड्याची माणसे व माल दुसऱ्यात मिसळू नयेत, यासाठी हे भिंतींचे विभाग. लोकर आणि कापड यांत रोग दडून बसतो, या समजुतीने माल उलगडून हवेशीर ठेवला जाई. प्लेगचा जंतू व पिसू यांचे नाते माहीत नसताना केवळ निरीक्षणावर उभी राहिलेली ही व्यवस्था बरीच उपयोगी ठरली, हे मान्य करावे लागते.

६ एप्रिल १६६७ च्या भूकंपाने शहराचा बराचसा भाग जमीनदोस्त केला आणि स्त्रादूनवर एकसारखी घरे नव्याने बांधली गेली. त्यांच्या तळमजल्यावर आजही एक चमत्कारिक दार दिसते : एकाच कमानीत अर्धा भाग दाराचा आणि उरलेला अर्धा खिडकीचा, तिच्या तळाशी दगडी कट्टा, ज्याच्या पलीकडून दुकानदार आत उभा राहून माल हाती देई. गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर राहूनही व्यवहार चालतो, ही अक्कल या व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडली होती, असे म्हणण्याचा मोह होतो. त्यांची पोच किती दूर होती याची एक खूण गोव्यात सांगतात : जुन्या गोव्याजवळील गवंडाळीचे चर्च संत ब्लेझ यांचे, म्हणजे दुब्रोवनिकच्या संरक्षक संताचेच, असून परंपरा त्याचा संबंध रागुसाच्या व्यापाऱ्यांशी जोडते.

१८०८ साली नेपोलियनचा सेनापती मार्मों याने प्रजासत्ताक बरखास्त केले. लाझारेतीची दालने मात्र शाबूत आहेत व तेथे आता सांस्कृतिक कार्यक्रम होतात. फेरीसाठी वेळ थोडा असेल, तर तटावरची चढण टाळावी. पण प्लोचे वेशीपाशी मागे वळू नये.