सोळा प्रश्नांचा शिक्का

गेल्या ईदला माझी भाची घरी आली होती. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि ड्रॉइंगच्या विषयात अडकली आहे. म्हणाली, "मामू, मी ऐकून शिकणारी आहे. ड्रॉइंग मला जमायचंच नाही." कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तिनं मोबाइल पुढे केला. सोळा प्रश्न, पाच मिनिटांत निकाल!

हा शिक्का आला कुठून, म्हणून मी शोध घेतला. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग पूर्वी शाळा तपासनीस होते. उत्तम शिक्षकाच्या वर्गातही काही मुलं कोरडीच का राहतात, हा प्रश्न त्यांना छळत होता. पुढे लिंकन विद्यापीठात असताना त्यांनी कॉलीन मिल्स यांच्यासह १९९२ मध्ये 'वार्क' पद्धत मांडली. पाहणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि हातानं करणं, अशा तिच्या चार वाटा. त्याआधी १९८८ मध्ये अमेरिकेत रिचर्ड फेल्डर आणि लिंडा सिल्व्हरमन यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा असाच विचार केला होता. फेल्डर आणि बार्बरा सोलोमन यांची ४४ प्रश्नांची चाचणी पुढे इंटरनेटवर आली आणि जगभर पसरली.

मग तपासणी सुरू झाली. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी अशा तब्बल ७१ पद्धती मोजल्या आणि सावधगिरीचा इशारा दिला. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी सांगितलं, की विद्यार्थ्याच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर तो अधिक शिकतो, याला पुरेसा पुरावा नाही. 'वार्क'सुद्धा आवड सांगते, कुवत नव्हे. आपण मात्र आवडीलाच कुवत समजून बसलो.

मला माझं लहानपण आठवलं. मशिदीत मौलवीसाहेबांपुढे कायदा शिकताना बोट अक्षरावर, नजर ओळीवर आणि आवाज खणखणीत असायचा. शाळेत पाटीवर बाराखडी गिरवतानाही तेच. डोळे, कान, हात सगळे एकदम कामाला. कोणाची वाट कोणती, हे कोणी विचारलंच नाही.

भाचीला म्हटलं, "बेटा, गाणं ऐकावं लागतं, नकाशा पाहावा लागतो. वाट विषय ठरवतो. तुला ऐकायला आवडतं ना? मग रेषा काढताना मोठ्यानं बोलत जा. पण पेन्सिल सोडू नकोस."

संध्याकाळी शीरखुर्म्याची वाटी बाजूला सारून ती वही घेऊन बसली होती. पुटपुटत होती, खोडत होती, पुन्हा काढत होती.