लसीकासंचय, अष्ठीला ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतरचा

अष्ठीला म्हणजेच प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात ती ग्रंथी काढताना पुष्कळदा श्रोणीतील, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या पोकळीतील लसीका ग्रंथीही काढाव्या लागतात. अशा वेळी तुटलेल्या लसीकावाहिन्यांतून पाझरणारा द्रव रिकाम्या झालेल्या जागेत साचतो. या साठ्यास लसीकासंचय म्हणतात. बहुतेक साठे लहान व लक्षणरहित असून आपोआप शोषले जातात. साधारणपणे शंभरांपैकी दोन ते दहा रुग्णांना मात्र त्यांचा उपद्रव होतो. मूत्राशयावर दाब पडून वारंवार लघवीस होते, नीला दाबली जाऊन एका पायास सूज येते किंवा तीत रक्ताची गुठळी होते आणि द्रवात जंतुसंसर्ग झाल्यास थंडी वाजून ताप येतो. गुठळी फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते.

पूर्वेतिहास : गास्पारे आझेल्ली या इटालियन शारीरविज्ञांना १६२२ मध्ये कुत्र्याच्या आतड्यांच्या आवरणात दुधासारखा द्रव वाहणाऱ्या वाहिन्या दिसल्या. पुढे १६५०–६० या दशकात स्वीडनचे उलोफ रुडबेक व डेन्मार्कचे टोमास बार्टोलिन यांनी लसीकावाहिन्यांचे शरीरव्यापी जाळे दाखवून दिले. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने या वाहिन्यांचा एक गुणधर्म महत्त्वाचा ठरला. लसीकेत रक्तबिंबिका जवळजवळ नसल्याने तुटलेल्या रक्तवाहिनीचे तोंड ज्या सहजतेने बंद होते, त्या सहजतेने लसीकावाहिनीचे होत नाही.

अमेरिकेत बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हँप्टन यंग यांनी १९०४ मध्ये कर्करोगासाठी संपूर्ण अष्ठीला ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया केली. त्यांचा मार्ग मूलाधाराकडून जाणारा असल्याने श्रोणीतील लसीका ग्रंथींपर्यंत हात पोहोचत नसे. लंडनमध्ये काम करणारे आयरिश शल्यविशारद टेरेन्स मिलिन यांनी १९४५ मध्ये जघनास्थीच्या मागून जाणारा मार्ग प्रसिद्ध केला. या मार्गाने पुढे लसीका ग्रंथी त्याच छेदातून काढणे शक्य झाले. कर्करोग कोठवर पसरला आहे हे त्यामुळे कळू लागले, परंतु त्याबरोबर लसीकासंचयाचा उपद्रवही आला. हा उपद्रव प्रथम स्त्रीरोगतज्ञांच्या नजरेस आला होता. गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगासाठी केलेल्या विस्तृत शस्त्रक्रियेनंतरच्या लसीकाकोशांचे वर्णन जपानमध्ये मोरी यांनी १९५५ मध्ये केले.

प्रतिबंधाचे उपाय : पहिला उपाय म्हणजे वाहिन्यांची तोंडे बंद करणे. त्यासाठी त्या दोऱ्याने बांधतात, धातूच्या चिमट्यांनी दाबतात किंवा विद्युत् उष्णतेने डागतात. चिमटे श्रेष्ठ ठरतील अशी अपेक्षा होती. तथापि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत चिमटे व डागणी यांत लसीकासंचयाच्या प्रमाणाबाबत लक्षणीय फरक आढळला नाही. द्रव बाहेर काढणारी नळी काही दिवस ठेवण्याची पद्धत जुनी आहे, पण नळी काढल्यानंतरही पाझर चालू राहू शकतो.

दुसरा प्रश्न हेपारिनाचा होता. भारतीय वंशाचे शल्यविशारद विजय वीर कक्कर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार हजारांहून अधिक रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीने अल्प मात्रेतील हेपारिनाने फुप्फुसातील गुठळीमुळे होणारे मृत्यू टळतात, हे दाखविले. मात्र हेच औषध लसीकेचा पाझर वाढविते, अशी शंका पुढे घेण्यात आली व इंजेक्शन मांडीऐवजी दंडात द्यावे, असे सुचविले गेले. अष्ठीला शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या अलीकडील यादृच्छिक चाचणीत मात्र हेपारिनामुळे लसीकासंचयात लक्षणीय वाढ दिसली नाही. एका उपद्रवाच्या भीतीने दुसऱ्या, अधिक घातक उपद्रवाचा प्रतिबंध सोडू नये, हा यातील धडा होय.

तिसरा उपाय पर्युदराच्या शोषणशक्तीवर आधारलेला आहे. उदरपोकळीचे हे अस्तर साचलेला द्रव शोषून घेते. यंत्रमानवाच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया २००० पासून रूढ होऊ लागली. ती बहुधा उदरपोकळीतून केली जाते. त्यामुळे द्रवाला उदरात जाण्यास वाट मिळते, परंतु नंतर मूत्राशय बाजूच्या भिंतीस चिकटून ती वाट बुजते. यासाठी पर्युदराचा पदर मूत्राशयाच्या कडेस दुमडून शिवण्याची युक्ती २०१५ मध्ये मांडली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत तिचा लक्षणीय लाभ दिसला नाही. त्यानंतरच्या काही चाचण्यांत आणि एकत्रित विश्लेषणांत मात्र त्रासदायक साठ्यांचे प्रमाण घटलेले आढळले. या सर्वांहून मूलभूत उपाय म्हणजे कर्करोगाच्या प्रसाराची शक्यता आधी तोलून, गरज असेल तेथेच लसीका ग्रंथी काढणे हा होय.

घरच्या देखरेखीचे महत्त्व : रुग्ण काही दिवसांतच घरी जातो. लसीकासंचयाची लक्षणे मात्र बहुधा काही आठवड्यांनी दिसतात. म्हणून प्रतिबंधाचा उत्तरार्ध रुग्णालयाबाहेर घडतो. या दृष्टीने अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या जामखेडचे उदाहरण बोधप्रद आहे. यंग यांनी जेथे शस्त्रक्रिया केली त्याच जॉन्स हॉपकिन्स संस्थेच्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये या अवर्षणग्रस्त तालुक्यात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच, बहुधा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिक्षण दिले. या कार्याबद्दल दोघांना १९७९ मध्ये रामोन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या सेविकांचे काम माता, बालके, कुष्ठरोग व क्षयरोग यांच्याशी निगडित होते. अष्ठीला शस्त्रक्रियेशी नव्हे. परंतु धोक्याची खूण गावातच ओळखून रुग्णास वेळेवर डॉक्टरकडे पोहोचविण्याचे जे तत्त्व त्यांनी रुजविले, ते येथेही तंतोतंत लागू पडते. पुण्यामुंबईहून शस्त्रक्रिया करून परतलेल्या वृद्धाच्या एका पायास सूज आली, तर ती थकव्याची समजून पाय चोळत बसणे धोक्याचे असते. सूज, ताप किंवा ओटीपोटातील दुखणे दिसताच श्राव्यातीत ध्वनिचित्रणाने तपासणी झाल्यास त्वचेतून नळी घालून द्रव काढता येतो. त्याने भागले नाही, तर दुर्बिणीतून छेद घेऊन साठ्याला उदरपोकळीत वाट करून देतात. उत्तम शिवणीइतकीच ही वेळेवर पडलेली नजर रुग्णाचे रक्षण करते.