गाश्यान गुहेतील शिलालेख

चीनच्या ईशान्य टोकाला, खिंगान पर्वताच्या उत्तर भागातील अरण्यात गाश्यान नावाची एक गुहा आहे. ३० जुलै १९८० रोजी मी वनपिंग या संशोधकाला तिच्या भिंतीवर शेवाळाखाली कोरलेली अक्षरे दिसली. तो २०१ अक्षरांचा चिनी लेख निघाला. त्याचा काळ इ. स. ४४३. उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या तुओबा घराण्यातील सम्राट थायवू याने आपल्या पूर्वजांच्या या मूळस्थानी बळी अर्पण करण्यासाठी ली छांग या अधिकाऱ्याला पाठविले होते. त्या विधीच्या वेळची ही प्रार्थना.

हे तुओबा म्हणजे श्यानपेई लोकांची एक शाखा. त्यांच्या भाषेचे मंगोल भाषाकुळाशी जवळचे नाते होते, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या अखेरीस श्युंगनूंचा राजा मोदू याने पूर्वेकडील भटक्या टोळ्यांचा मोड केला, तेव्हा श्यानपेईंचे पूर्वज डोंगरांच्या आश्रयाला गेले. तीन शतकांनी पारडे फिरले. श्युंगनूंची सत्ता ढासळताच श्यानपेई त्यांच्या कुरणांत उतरले आणि तेथे उरलेल्या श्युंगनूंच्या लाखाहून अधिक कुटुंबांनी स्वतःला श्यानपेई म्हणवून घेतले, असे चिनी इतिहासग्रंथ सांगतो. गवताळ मुलुखात जमातीचे नाव रक्तापेक्षा सत्तेला अधिक चिकटून राही, ते असे.

इ. स. ३८६ मध्ये तुओबांनी आपले राज्य स्थापिले, ३९८ मध्ये पिंगछंग येथे, म्हणजे आजच्या दातोंग शहरी, राजधानी केली आणि ४३९ पर्यंत सारा उत्तर चीन जिंकला. कालचे भटके आज शेतकऱ्यांचे राजे झाले. मग उत्तरेकडून चालून येणाऱ्या रौरान या दुसऱ्या भटक्या लोकांपासून राज्य राखण्याची पाळी त्यांच्यावरच आली. त्यासाठी त्यांनी सरहद्दीवर सहा लष्करी ठाणी वसविली. तेथे नेमणूक होणे हा त्या काळी कुलीन घराण्यांतील तरुणांचा मान होता. पिंगछंगजवळच्या युनगांग येथे इ. स. ४६० च्या सुमारास थानयाओ या भिक्षूच्या देखरेखीखाली डोंगरात भव्य बुद्धमूर्ती कोरल्या जाऊ लागल्या. त्यांत गांधार कलेच्या खुणा आजही ओळखू येतात.

या वैभवाच्या काळातच सम्राट श्याओवनने मोठा निर्णय घेतला. ४९४ मध्ये त्याने राजधानी दक्षिणेस लोयांगला नेली. श्यानपेई पोशाखाला बंदी झाली. ४९५ मध्ये दरबारात मातृभाषा बोलणेही निषिद्ध ठरले; तीस वर्षांवरील माणसांना थोडी सवलत, तरुणांना मुळीच नाही. ४९६ मध्ये राजघराण्याने तुओबा हे आडनाव टाकून युआन हे चिनी आडनाव घेतले. अफाट चिनी प्रजेवर कायम राज्य करायचे तर परके राहून चालणार नाही, हा त्याचा विचार चुकीचा होता असे कोण म्हणेल? परंतु त्याची किंमत कोणी दिली? खुद्द युवराज लोयांगच्या उकाड्याला आणि नव्या रीतींना कंटाळून पिंगछंगकडे पळू पाहत होता. त्याचे पद गेले आणि पुढे प्राणही गेले. सरहद्दीवरच्या ठाण्यांत जुनीच भाषा व जुनाच पोशाख राहिला. पण लोयांगच्या दृष्टीने तो आता अडाणीपणा ठरला होता. जेथली नेमणूक म्हणजे मान, तेथली नेमणूक म्हणजे शिक्षा झाली. ५२३ च्या सुमारास उपाशी ठाण्यांत बंडाचा भडका उडाला आणि ५३४ मध्ये राज्याची दोन शकले झाली. ज्यांनी सरहद्द राखायची, त्यांनीच ती मोडली.

आता पुन्हा गुहेकडे वळू. या प्रार्थनेचा पाठ ‘वेइशू’ या तुओबांच्या अधिकृत इतिहासग्रंथातही दिला आहे. तो ५५४ मध्ये, म्हणजे विधीनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, सिद्ध झाला. दोन्ही पाठ ताडून पाहिले, तर एक फरक डोळ्यांत भरतो. दगडावर पूर्वजांना ‘खाकान’ आणि त्यांच्या राण्यांना ‘खातून’ या अर्थाच्या भटक्यांच्या पदव्यांनी आवाहन केले आहे. ग्रंथात त्या पदव्या नाहीत. तुर्क-मोगलांबरोबर आपल्या देशात आलेल्या ‘खान’ आणि ‘खातून’ या शब्दांचे हे जुने आप्त. राजधानीच्या शाईने गाळले ते अरण्यातल्या दगडाने राखले.

आणि राजाज्ञेने टाकलेल्या आडनावाचे काय झाले? आठव्या शतकात मंगोलियातील ओर्खोन नदीकाठी तुर्कांनी आपले शिलालेख उभारले. तेव्हा चीनवर थांग घराण्याचे राज्य होते. तुओबांचे राज्य लयाला जाऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. तरी त्या लेखांत अवघ्या चीनला ‘तबगाच’ म्हटले आहे. ‘तबगाच’ हे तुओबा या नावाचेच तुर्की रूप. ज्यांनी चिनी होण्यासाठी आपले नाव सोडले, त्यांच्याच नावाने शेजारी चीनला ओळखत राहिले.