वांग : उपचारांचा इतिहास
वांग : चेहऱ्यावर, विशेषतः गाल, कपाळ व वरचा ओठ यांवर, उठणारे तपकिरी डाग. स्त्रियांत, अधिककरून गर्भारपणी, हा विकार जास्त आढळतो. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘व्यंग’ या नावाने त्याचे वर्णन असून क्रोध व श्रम यांनी प्रकुपित झालेला वायू पित्ताशी संयोग पावून मुखावर वेदनारहित, श्यामवर्णी मंडल उत्पन्न करतो, असे सांगितले आहे. महाराष्ट्रात दुधात उगाळलेले जायफळ, तसेच हळद व डाळीचे पीठ हे उपाय घरोघरी रूढ आहेत. पिठाने त्वचेच्या पृष्ठभागावरील वसा (तैलग्रंथींचा स्राव) निघून जाते. परंतु रंगद्रव्य बाह्यत्वचेच्या तळच्या थरात तयार होत असल्याने डाग कायम राहतो.

रंगद्रव्याच्या निर्मितीस आवश्यक असलेल्या टायरोसिनेज या एंझाइमाला हायड्रोक्विनोन विरोध करते. १९७५ मध्ये ए. एम. क्लिगमन व आय. विलिस या अमेरिकी त्वचारोगतज्ञांनी ५% हायड्रोक्विनोन, ०·१% ट्रेटिनॉइन व ०·१% डेक्सामेथासोन यांचे मिश्रण सुचविले. पुढे स्टेरॉइडयुक्त मलमे वैद्यकीय सल्ल्याविना, केवळ गोरेपणासाठीही वापरली जाऊ लागली. परिणामी त्वचा पातळ व लाल होणे, लव वाढणे, मुरुम येणे हे विकार उद्‌भवू लागले. म्हणून २०१८ मध्ये भारत सरकारने अनेक लेपनीय स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये घालून त्यांच्या विक्रीस वैद्याची चिठ्ठी आवश्यक ठरविली. सूर्यप्रकाशाने डाग पुन्हा गडद होत असल्यामुळे उन्हापासून संरक्षण हा सर्व उपचारांचा पाया होय.