शत्रू समोरूनच येईल

१९ सप्टेंबर १३५६. सोमवारची पहाट. फ्रान्समधल्या प्वातिए शहराच्या आग्नेयेला, जंगलाच्या कडेला तुम्ही उभे आहात. दव पडून गवत ओलं झालंय, लिदीचा आणि घामेजल्या चामड्याचा वास नाकात भरलाय. तुम्ही एका फ्रेंच सरदाराचे मोतद्दार आहात. खरारा करून झालाय आणि समोरचा कुमाईत घोडा उगाचच टापा आपटतोय.

काल रविवारभर कार्डिनल तालेरां दोन्ही छावण्यांत खेटे घालत होते. तह काही जुळला नाही. आज इंग्लंडच्या राजपुत्राशी, एडवर्डशी लढाई होणार. फ्रान्सचा राजा दुसरा जां याने बहुतेक सगळ्यांना घोड्यावरून उतरून पायी लढायला सांगितलंय. क्लेरमाँ आणि ओद्रेएम या दोन मार्शलांच्या हाताखाली काही शे निवडक स्वार तेवढे घोड्यावर राहतील. इंग्लिश तिरंदाजांची फळी त्यांनी फोडायची. तुमचा धनी त्यांतलाच. म्हणून तर घोड्याचं हे मुखकवच तुमच्या हातात आलंय.

उलटंपालटं करून पाहा. जाड कातडं तापल्या पाण्यात मऊ करून, साच्यावर बसवून वाळवलेलं. आता ते लाकडासारखं टणक झालंय. कपाळापासून नाकाडापर्यंत वरून पोलादी पत्रा आहे. पत्रा हाडाला घासू नये म्हणून आतून कापडाचं जाड अस्तर आहे. डोळ्यांभोवती उंच कड आहे. नाकपुड्या मात्र मोकळ्या सोडल्यात, कारण घोडा तोंडाने श्वास घेत नाही. नाकपुडी दबली, तर शत्रूपर्यंत पोचायच्या आतच जनावराचा दम तुटेल.

तुम्ही आधी लगाम चढवता, मग कवच. कान अडकत नाहीत ना, हे बोटांनी चाचपता. कपाळावरचे केस सारखे करून वाद्या आवळता. कुमाईत मान झटकतो. एरवी दोन्ही अंगांना असलेल्या डोळ्यांनी त्याला आपल्या मागचंही पुष्कळ दिसतं. त्या नजरेला आता कडांनी कुंपण घातलंय. छातीवर पत्रे आणि कातडं बांधून होतं. मग तुमचा हात सवयीने पुठ्ठ्यावर जातो. तिथे नुसती कापडी झूल.

“धनी, मागं काहीच नाही.”

“मागं आपलीच फौज आहे,” धनी रिकिबीत पाय ठेवत म्हणतो.

उंचवट्यावरून तुम्ही पाहता. समोर काटेरी कुंपण, त्यात एक अरुंद वाट आणि आडोशाला तिरंदाज. घोडे चौखूर सुटतात. बाणांची पहिली सर येते आणि तुमचा श्वास अडकतो. पण बाण पत्र्यांवर आपटून मोडतात, नाहीतर निसटून वर उडतात. कपाळं, नाकाडं, छात्या, सगळं शाबूत! तुम्ही आनंदाने ओरडता.

ऑक्सफर्डच्या अर्लच्याही हे ध्यानात येतं. तो आपले तिरंदाज बाजूला काढतो आणि म्यॉसाँ नदीकाठच्या दलदलीकडून घोड्यांच्या मागच्या अंगांवर नेम धरायला सांगतो. आता बाण झुलीतून सरळ मांसात शिरतात. जिथे नजर पोचत नाही तिथून वेदना आली की घोडा काय करणार? तो बिथरतो, मागचे पाय झाडतो, स्वाराला फेकतो आणि वळतो. मागे आपलीच फौज असते. बाण लागलेले घोडे आपल्याच माणसांना तुडवत परत येतात. हा सगळा प्रकार जेफ्री ल बेकर हा इंग्लिश बखरकार पुढे लिहून ठेवणार आहे.

दिवस संपेपर्यंत क्लेरमाँ मारला गेलाय, ओद्रेएम कैद झालाय आणि खुद्द राजाही शत्रूच्या हाती सापडलाय. धन्याचा पत्ता नाही. कुमाईत तुम्हाला उतारावर सापडतो. तुम्ही वाद्या सोडून मुखकवच काढता. त्यावर ओरखडे आहेत, एक पोचा आहे, पण भोक एकही नाही. कारागिराला कुठल्या तोंडाने दोष देणार? त्याला जेवढं झाकायला सांगितलं, तेवढं त्याने चोख झाकलं. शत्रू समोरच उभा राहील, हे गृहीत धरलं ते हुकूम देणाऱ्यांनी. तिरंदाजांना तर चार पावलं बाजूलाच सरकायचं होतं.

पुढच्या शतकात मिलानचे कारागीर डोक्यापासून पुठ्ठ्यापर्यंत पोलादी पाखर घडवू लागतील. पिएर इनोचेन्सो दा फाएर्नोने सुमारे १४५० साली घडवलेली अशी एक पाखर व्हिएन्नात जपून ठेवलेली आहे. तिच्यासमोर कधी उभे राहिलात, तर मुखकवचाचं कौतुक सावकाश करा. आधी वळसा घालून मागच्या बाजूला जा.