एका रबरी कड्याचा इतिहास

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याचे दरवाजे १९९६ मध्ये बंद झाले. त्याला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. तरीही त्या कारखान्यातून निघालेल्या जावा आणि येझदी गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. त्या टिकण्याचे एक मोठे कारण म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन टोकांना बसणारे रबरी कडे. मेकॅनिक मंडळी त्याला ‘ऑइल सील’ म्हणतात. वस्तू क्षुल्लक, पण तिच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे याने १८९० च्या सुमारास असे टू-स्ट्रोक इंजिन बनवले, की ज्यात क्रँककेस हाच पंप होता. पिस्टन वर गेला की खालच्या पेटीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये चढते. पेटी हवाबंद नसेल तर हा श्वासोच्छ्वास बिघडतो. अडचण एवढीच, की क्रँकशाफ्टची दोन्ही टोके पेटीबाहेर काढावीच लागतात आणि तीही गरगर फिरत असतात. फिरत्या दांड्याभोवती हवा अडवायची कशी?

सुरुवातीला लांब ब्राँझ बुश, नमदा, चामडे असे उपाय झाले. खरे उत्तर जर्मनीतील वाइनहाइम येथे सापडले. तेथील फ्रॉयडेनबर्ग ही मुळात चामडे कमावणारी पेढी. १९२९ च्या मंदीत तिने चामड्याची सील बनवायला घेतली. पुढे वॉल्टर सिमर या अभियंत्याच्या नावावरून त्या सीलला ‘सिमररिंग’ म्हणू लागले. १९३६ पासून चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आले. पातळ ओठ आणि त्याला दांड्यावर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग, ही रचना आजही तीच आहे.

त्याच १९२९ साली प्राग येथे फ्रांतिशेक यानेचेक याने जावा कंपनी सुरू केली. त्याच्या आडनावाचे आणि ‘वाँडरर’ या जर्मन गाडीचे पहिले अक्षरसमूह जोडून ‘जावा’ हे नाव झाले. रुस्तम आणि फारोख इराणी यांनी १९६० मध्ये म्हैसूरला आयडियल जावाची स्थापना केली. १९६१ पासून गाड्या निघू लागल्या आणि १९७३ पासून ‘येझदी’ हे नाव आले.

या गाडीत डाव्या बाजूला क्लचची साखळी तेलात फिरते, उजव्या बाजूला डायनामो असतो. म्हणून कोणते सील गेले, ते गाडी स्वतःच सांगते. डावे फाटले तर गिअरचे तेल पेटीत ओढले जाते. सायलेन्सर दाट धूर ओकतो आणि गिअरबॉक्समधील तेल विनाकारण कमी होते. उजवे फाटले तर बाहेरची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होते, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन भणाणत राहते, तापते आणि शेवटी पिस्टन जाम होतो. कित्येकजण कार्बोरेटर खोलत बसतात आणि दोष मात्र भलतीकडेच असतो.

सील बसवण्याची रीत पूर्वी उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जात असे, म्हणून ती येथे लिहून ठेवतो. जुने सील काढण्यापूर्वी त्याची दिशा आणि खोली टिपून ठेवावी. स्प्रिंगची बाजू सामान्यतः दाबाकडे, म्हणजे क्रँककेसकडे असते. बेअरिंग ढिले असेल तर आधी ते बदलावे. डुगडुगत्या दांड्यावर नवे सीलही टिकत नाही. दांड्यावर जुन्या ओठाने चरा पाडला असेल तर तो बोटाला जाणवतो. चावीच्या खाचेवर पातळ चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर तिची धार ओठ कापते. ओठाला तेल किंवा ग्रीस लावावे. मग बाहेरच्या कडेवर बरोबर टेकणारी नळी घेऊन सील सरळ, सावकाश आत ढकलावे. एका बाजूने हातोडी मारू नये. ज्या इंजिनात बेअरिंगकडे तेल नेणारे छिद्र असते, तेथे सील जास्त आत गेले तर छिद्र बुजते आणि बेअरिंग कोरडे पडून जळते. शेवटी सिलिंडरची तोंडे बंद करून पेटीत हलका दाब द्यावा आणि साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा दिसला तर काम पुन्हा करावे.

२००० नंतरच्या प्रदूषण नियमांनी टू-स्ट्रोक मोटरसायकलींचे युग संपवले. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे परत आली, ती फोर-स्ट्रोक इंजिने घेऊन. त्यामुळे गॅरेजमधील आजच्या पोराला हे काम शिकायची गरज उरलेली नाही आणि शिकवणारे हात म्हातारे होत चालले आहेत. सुटे भाग आजही मिळतात. पण चरा ओळखणारे बोट दुकानात मिळत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या गॅरेजात मराठी आणि कन्नड एकाच पान्याबरोबर हातोहात फिरतात. तेथे अजून एखादा जुना मेकॅनिक बसत असेल, तर आपल्या मुलांना एक दिवस त्याच्याकडे पाठवा. वही आणि पेन्सिल मात्र बरोबर द्या.